गोळीआधीचा महिना: एनसीसीच्या लेकरांना रायफल शिकवताना

जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेतल्या मॅडमनी विचारलंय: "आमच्या शाळेला यंदा एनसीसीची तुकडी मिळाली. माझं एएनओचं (एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षक-अधिकाऱ्याचं) प्रशिक्षण अजून व्हायचंय, तोवर केअरटेकर म्हणून काम अंगावर आलंय. महिन्याभरानं शिबिर आहे आणि तिथं लेकरांचं पॉइंट 22 रायफलचं फायरिंग होणार आहे. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. तोवर शाळेत काय करून घेऊ? आणि रेंजवर माझं नेमकं काम काय? पालक घाबरलेत ते वेगळंच."

मॅडम, फौजेत असताना आणि नंतर पीआय स्टाफ (एनसीसी बटालियनवर नेमलेला फौजी प्रशिक्षक) म्हणून शाळा-कॉलेजच्या कॅडेटांना रायफल शिकवण्यातच माझी नोकरी गेली. त्यावरून आधी एक गोष्ट सांगतो, ती ऐकायला उलटी वाटेल. रेंजवर प्रत्यक्ष गोळी सुटते तो क्षण सगळ्यांत कमी काळजीचा असतो. लेकरू पालथं पडलेलं असतं, नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे असते, उस्ताद, म्हणजे फौजी प्रशिक्षक, शेजारी गुडघा टेकून बसलेला असतो आणि सगळ्यांचं लक्ष तिथंच असतं. काळजी करायची ती त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या क्षणांची. रायफल उचलताना, खाली ठेवताना, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा, मागं-पुढं सरकणारा दांडा) अडकल्यावर, आणि सगळ्यांत जास्त मागं वळताना.

हे वळणं नीट समजून घ्या, कारण तुमच्या महिन्याभराच्या तयारीतला निम्मा वेळ त्यावर गेला पाहिजे. लेकरानं घोडा दाबला, नुसतं 'टक्' झालं, गोळी उडालीच नाही. आठवी-नववीतलं पोरगं अशा वेळी काय करतं? वर्गात पेन उठेना की जे करतं तेच. वस्तू हातात घेऊन सरांकडे वळतं. "उस्ताद, ही चालेना!" मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर त्याला टेकलेला रायफलीचा दस्ता वळतो आणि दस्त्याबरोबर नळी. शेजारी एका ओळीत लेकरं पडलेली, सगळ्यांची डोकी एकाच उंचीवर. नळी त्या डोक्यांवरून फिरून जाते, बोट अजून घोड्यावरच असतं, आणि आत न फुटलेलं काडतूस. यात पोराची वाईट बुद्धी काहीच नसते. उलट शिस्तीचं, विचारून काम करणारं लेकरूच आधी वळतं. वात्रट पोरगं एक वेळ स्वतःच खटपट करत बसेल, तो वेगळा त्रास.

म्हणून शाळेच्या मैदानावर उद्यापासून हे सुरू करा. रायफल लागत नाही, लाठी चालते. पाच-पाच जणांना ओळीनं पालथं झोपवा, लाठीचं एक टोक खांद्यात, दुसरं समोर. तुम्ही मागं उभ्या राहा आणि अचानक म्हणा, "गोळी फुटली नाही." लेकरानं करायचं एवढंच: लाठी जिथं आहे तिथंच, घोड्यावरचा उजवा हात सोडून सरळ वर, मान समोर, आणि समोर बघतच मोठ्यानं "उस्ताद!" उजवा हात वर करायला सांगतो, कारण त्यामुळे बोट घोड्यावरून आपोआप निघतं आणि डाव्या हातात नळी जागेवर राहते. बटालियनच्या उस्तादांची खूण वेगळी असेल तर तीच घ्या, दोन पद्धती शिकवू नका. मग जरा कपट करा. मागून एखाद्याला नावानं हाक मारा. कुणाला तरी विचारा, "डबा आणलास का रे?" जो वळेल त्याची लाठी घ्या आणि त्याला पुन्हा ओळीच्या शेवटी पाठवा. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे वळतात. दोन आठवड्यांनी कुणी वळत नाही, आणि हाक ऐकूनही समोर बघत "जी मॅडम" म्हणतात. ही सवय अंगात मुरली की मग रायफलीचं नाव काढायचं.

बाकीचे नियम तुम्हाला कुठंही मिळतील आणि ते पाठ करायला सोपे आहेत: प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं, नळी माणसाकडे कधी न्यायची नाही, नेम धरेपर्यंत बोट घोड्याच्या बाहेर सरळ, आणि लक्ष्याच्या मागं काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय गोळी नाही. अडचण पाठांतराची नसतेच. आपली लेकरं दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल एकमेकांच्या तोंडावर धरूनच मोठी होतात. शेतात माकडं-डुकरं हाकलायला पीव्हीसी पाइपची फटाका-बंदूक बघतात, तिच्या नळीत वाकून बघणारेही असतात. सहा-सात वर्षं जी सवय लागली ती भिंतीवर तक्ता लावून जात नाही. म्हणून लाठीलाही तोच नियम लावा, परेडच्या डीपी रायफलीलाही (नुसत्या कवायतीसाठीच्या) तोच आणि एअर रायफलीलाही तोच. डीपी रायफल गोळी झाडण्याच्या कामाची नसते हे खरं, पण लेकराच्या हाताला तो फरक कळत नाही. तिच्याशी खेळ चालला तर खरीशीही चालेल.

आता रायफल रिकामी आहे हे बघणं. शिबिरात 'जांच शस्त्र'चा, म्हणजे हत्यार तपासायचा, हुकूम कानावर पडेल. हुकूम हिंदीत असतात आणि आपली लेकरं कवायत ऐकून-ऐकून करतात, अर्थ कळतोच असं नाही. म्हणून आधी मराठीत नीट सांगा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी मॅगझीन (काडतुसांची डबी) काढायचं, मग बोल्ट मागं ओढायचा, मग आत बघायचं. हाच क्रम उलटा केला, म्हणजे बोल्ट ओढून आत बघितलं, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) रिकामं दिसलं, म्हणून बोल्ट पुढं ढकलला आणि नंतर मॅगझीन काढलं, तर बोल्टनं मॅगझीनमधलं वरचं काडतूस कधीच आत नेऊन बसवलंय. हातात मॅगझीन, मनात 'रिकामी', आणि रायफल भरलेली. दुसरं असं की मोठ्या रायफलीच्या चेंबरमध्ये करंगळी घालून चाचपता येतं. पॉइंट 22 चं भोक जेमतेम पेन्सिलीएवढं, लेकराची करंगळीसुद्धा जात नाही. तिथं डोळ्यानंच बघावं लागतं, आणि उजेड आत पडेल अशी रायफल जराशी फिरवून. अंधाऱ्या तंबूत केलेली तपासणी मी तपासणी धरत नाही.

बटालियनशी बोलून शिबिराआधी एक-दोन वेळा उस्तादांना रायफलीसह शाळेत बोलावता आलं तर बघा. हत्यारं कोतात, म्हणजे शस्त्रागारात, असतात, ती आणायची-न्यायची पद्धत ठरलेली आहे, आणि ते काम त्यांचंच. तुम्ही फक्त एक पाळा: ज्या दिवशी, ज्या खोलीत सराव, तिथं एकही जिवंत काडतूस नको. "दाखवायला एक आणलंय" असंही नको. सरावाचा आणि खऱ्या गोळीचा दिवस वेगळा, जागाही वेगळी.

कोरड्या सरावाबद्दल एक बारीक गोष्ट, जी नवे शिक्षक सहसा विसरतात. पॉइंट 22 च्या काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. चेंबर रिकामं ठेवून घोडा दाबत राहिलं तर बऱ्याच जुन्या रायफलींत तीच पिन चेंबरच्या लोखंडी काठावर बसते. काठ दबतो, पिन बोथट होते, आणि मग ऐन फायरिंगला काडतुसं फुटेनाशी होतात. म्हणून घोड्याचा सराव किती आणि कसा करायचा हे उस्तादांनी सांगितल्याप्रमाणेच. लेकरांना 'टक्-टक्' करत बसायला देऊ नका.

नेमबाजीचं तंत्र उस्ताद शिकवतील, त्यात तुम्ही पडायची गरज नाही. पण शाळेत करता येण्यासारखं एक काम फार उपयोगी आहे, प्रत्येक लेकराचा मुख्य डोळा शोधून वहीत लिहून ठेवा. दोन्ही हात लांब करून अंगठा-बोटांची खिडकी करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून लांबचा विजेचा खांब बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं खांब खिडकीतच राहतो तो मुख्य. उजव्या हाताच्या काही लेकरांचा मुख्य डोळा डावा निघतो. ही पोरं रेंजवर मान दस्त्यावरून पलीकडे टाकून, अंग वाकडं करून नेम धरतात आणि उस्ताद ओरडतो की नीट झोप. त्याला आधीच माहीत असलं तर तो एक डोळा झाकायची पट्टी देईल किंवा खांदा बदलून बघेल.

भीतीचं म्हणाल तर ती बहुतेक मोठ्या कॅडेटांनी घातलेली असते. "खांदा निखळतो" म्हणून सांगतात. ते पॉइंट 303 च्या, म्हणजे मोठ्या रायफलीचे किस्से. पॉइंट 22 चा धक्का खांद्याला टेकल्यासारखा लागतो, बस. आवाज मात्र कमी समजू नका. अगदी कानाशी तो 140 डेसिबलच्या आसपास जातो आणि लेकरांच्या कानाला हे चांगलं नाही. इअरप्लग किंवा मफ प्रत्येकाला, रांगेत थांबलेल्यांनासुद्धा. कुठं मिळत नसतील तर औषधाच्या दुकानातले फोमचे प्लग शाळेनं घ्यावेत, खर्च किरकोळ आहे. कानात कापूस चालतो असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. भीतीनं लेकरू डोळे गच्च मिटून घोडा हिसकतं. त्याला मी नळीवर रुपयाचं नाणं ठेवून नुसता घोडा दाबायला लावायचो. नाणं पडलं की त्याला स्वतःलाच कळतं, ओरडावं लागत नाही. श्वास अर्धा सोडून थांबायचं, बोटाच्या पहिल्या पेरानं हळू दाबत जायचं, आणि गोळी सुटल्यावर लगेच मान वर करून 'कुठं लागली' बघायचं नाही. पाच गोळ्या एकमेकींच्या जवळ पडल्या की झालं. त्या टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलात नसल्या तरी चालतात, नेम हलवणं हे उस्तादांचं काम.

आता रेंज. पॉइंट 22 चं फायरिंग बहुधा 25 यार्डांवर होतं आणि त्यामुळे लोकांना वाटतं की ही छोटी बंदूक आहे. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, पण नळी वर झाली तर ती सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्या भागात रेंजच्या मागं काय असतं? तुरीचं नाहीतर कापसाचं रान, आणि त्यात कुणाचा तरी आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती. आखाड्यावर म्हातारं माणूस, लहान लेकरं, बांधलेली जनावरं असतात. म्हणून बांधाची उंची आणि लाल झेंडे हे शोभेसाठी नसतात. मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांना झेंड्याचा अर्थ माहीत असेलच असं धरू नका. गावात आदल्या दिवशी निरोप गेला पाहिजे आणि मागच्या बाजूला माणसं उभी पाहिजेत. सरपणाला गेलेल्या बाया तर पायवाटेनंच येणार, वाट त्यांची आहे.

मराठवाड्यात याहून मोठा विषय म्हणजे दगड. आपला बहुतेक मुलूख बेसाल्टचा, बऱ्याच ठिकाणी दोन वीत खणलं की काळा पाषाण नाहीतर मुरूम. बांध घालताना जेसीबीनं जे आलं ते ओतलं की त्यात दगड येतातच. शिशाची गोळी दगडावर तिरपी लागली की कुठंही उडते, मागंसुद्धा. बांधाचा पुढचा थर चाळलेल्या मातीचा हवा. काळी माती असेल तर उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात, पावसाळ्यात ती घसरते आणि आतले दगड उघडे पडतात. दर शिबिराआधी बांधावर चालून जाऊन दगड वेचायला लागतात. तुम्ही सकाळी जरा लवकर पोचलात तर उस्तादांबरोबर बांधापर्यंत एक चक्कर मारा. दगड दिसला तर बोला. केअरटेकर नवीन आहे म्हणून गप्प बसू नका. चांगला उस्ताद अशा बोलण्याचा राग मानत नाही. जो मानेल त्याच्या रेंजवर मी तरी माझं लेकरू पाठवणार नाही.

वेळेचंही बघा. रेंज उत्तरेकडे तोंड करून असेल तर बरं. पूर्वेकडे असली तर सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि लेकरू नुसतं अंदाजानं झाडतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42-43 च्या पुढं जातो. अकरानंतर नळी हाताला चटके देते, लेकरांचं लक्ष उडतं, आणि लक्ष उडालं की वळणं सुरू होतं. उन्हाळी शिबिरात फायरिंग सकाळीच उरकायला हवं.

तुमचं काम फायरिंगच्या ओळीवर नसून मागं, थांबलेल्या लेकरांत आहे. तिथं साठ-सत्तर जण पाळीची वाट बघत असतात, कंटाळलेले. त्यांना सावलीत बसवा, पाणी पाजा, ओळीच्या पुढं एकालाही जाऊ देऊ नका. पालथं पडणाऱ्याच्या कमरेचं जाड बकल, खिशातल्या किल्ल्या, मुलींच्या पुढं येणाऱ्या वेण्या हे तिथंच बघून घ्या. एक तुकडी उठली, टार्गेट बघायला माणसं पुढं गेली, की मागं राहिलेल्या रायफलींना कुणाचा हात लागता कामा नये. बोल्ट उघडे, नळ्या बांधाकडे, आणि सगळे दोन पावलं मागं. आणखी एक अधिकार तुम्हाला आहे, प्रत्येक लेकरालाही आहे: काही चुकीचं दिसलं तर फायर थांबवायला ओरडायचं. कुत्रं आडवं गेलं तरी ओरडायचं. खोट्या इशाऱ्यासाठी कुणालाही रागवायचं नाही, हे लेकरांदेखत सांगा.

गोळी फुटली नाही तर लगेच बोल्ट उघडायचा नसतो. काडतूस कधी कधी उशिरा फुटतं. नळी बांधाकडे तशीच ठेवून मनात तीस अंक मोजायचे, मग उस्ताद येऊन बोल्ट उघडेल. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, 'फुस्स' झालं. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागं दुसरी झाडली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. आवाज वेगळा आला की थांबायचं, हे लेकरांना आवाज काढून शिकवा. त्यांना मजा येते आणि लक्षातही राहतं.

हिशोब. जितकी काडतुसं दिली, तितक्या रिकाम्या पुंगळ्या आणि न फुटलेली मिळून परत आली पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी कुणीही रेंज सोडायची नाही. बहुतेक वेळा ती पुंगळी कुणीतरी भावाला दाखवायला खिशात घातलेली असते. मारून-रागवून ती निघत नाही. मी सगळ्यांना पाठ करून उभं करायचो आणि मधे टोपी ठेवायचो. कुणी टाकली ते विचारायचं नाही. मग प्रत्येकानं मोठ्यानं म्हणायचं, "माझ्याकडे काडतूस नाही, पुंगळी नाही", खिसे उलटे करून.

हात धुणं ही गोष्ट आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. गोळी शिशाची, काडतुसाच्या मसाल्यातही शिसं असतं, आणि ते बोटांवर, बाह्यांवर बसतं. वाढत्या वयाच्या लेकरांना शिसं मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं. फायरिंग झालं की साबणानं हात-तोंड धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. रेंजवर बिस्किटंसुद्धा नकोत. नंतर पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदीनं रायफल साफ करणाऱ्या लेकरांनाही हेच.

मोबाइल शिबिरात लेकरांकडे नसतो म्हणतात, पण असतो. रायफलीसोबत रील काढायची हौस हा आता नळी वळण्याचा नवा रस्ता झालाय, कारण कॅमेऱ्याकडे तोंड म्हणजे नळीही तिकडेच. फोटो हवा असेल तर फायरिंग संपल्यावर, रायफली जमा झाल्यावर, तुकडीचा एकच काढा. शिक्षकांनीही ओळीवर जाऊन फोटो काढू नयेत. हे मला फार ठिकाणी सांगावं लागलं.

पालकांची एक बैठक घ्या आणि त्यांच्यासमोर लाठीचा सराव करून दाखवा. लेकरू हाकेला वळत नाही हे आईनं डोळ्यांनी बघितलं की अर्धी भीती जाते. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य मिळवलं, ती रायफलही पॉइंट 22 चीच, हेही सांगा. वडीलमंडळींना ते पटकन कळतं. पण एका बापानं तरी विचारलंच, "मग घरी एअर रायफल आणू का?", तर आत्ता नको म्हणा. छर्रा डोळा फोडायला पुरेसा असतो आणि अंगणात ना बांध असतो ना उस्ताद. खऱ्या बंदुकीचं तर विचारूच नये. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे प्रशिक्षणाची सवलत सोडली तर 21 वर्षांखालच्यांना ती जवळ बाळगता येत नाही.

एखादं लेकरू ऐनवेळी "मला नको" म्हणालं तर जबरदस्ती करू नका, हसूही देऊ नका. त्याला पुंगळ्या मोजायला बसवा. दुसऱ्या दिवशी ते बहुधा स्वतःच विचारतं. नाहीच विचारलं तरी त्याची कवायत, नकाशावाचन सगळं आहेच. बटालियनला पत्र मात्र या आठवड्यातच टाका, शिबिराच्या तोंडावर उस्ताद मिळत नाहीत. पत्रात मुलींची संख्या वेगळी लिहा, म्हणजे रेंजवर त्यांच्यासाठी महिला प्रशिक्षक येतील का ते वेळेत कळेल.